अपडेट झाल्यापासून जुना लॅपटॉप हँग होतोय? दुकान गाठण्याआधी हे बघा

"सर, काल रात्री अपडेट झालं आन् तवापासनं निस्तं हँग होऊलंय बघा."

बेळगावात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे आणि हे वाक्य आठवड्यातून तीन-चार वेळा तरी कानावर येतं. गिऱ्हाईक वडगावचं असो, खानापूरचं, निपाणीचं किंवा हद्दीपलीकडच्या चंदगडचं, वाक्य तेच. त्याच्या पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं: "फॉरमॅट मारून द्या की."

लगेच फॉरमॅट मारू नका. माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अपडेट हे निमित्त निघालं, दुखणं जुनंच होतं. मोठं अपडेट येतं तेव्हा काही जीबी माल उतरतो, हजारो फायली बदलल्या जातात आणि एरवी फक्त बिलं टाइप करणारा प्रोसेसर तासभर पूर्ण ताकदीनं पळतो. डिस्क आधीच किडलेली असेल, सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल, पंखा धुळीनं बुजलेला असेल तर ते सगळं त्या एका रात्रीत उघडं पडतं. फॉरमॅट मारल्यावर आठ दिवस बरं वाटतं. नवव्या दिवशी तोच माणूस परत माझ्या दारात, आणि आता त्याचे फोटोही गेलेले असतात.

खाली लिहिलंय ते विंडोज १० आणि ११ असलेल्या, साधारण पाच ते बारा वर्षं जुन्या लॅपटॉपबद्दल.

आधी लक्षण नीट बघा

"हँग" हा एक शब्द झाला, त्याच्या पोटात पाच-सहा वेगळे आजार आहेत.

माऊसचा बाण हलतोय पण क्लिक लागत नाही, खिडकी फिकट पडते, वर "नॉट रिस्पॉन्डिंग" येतं, दोन मिनिटांनी सगळं एकदम धडाधड उघडतं: संशय डिस्कवर किंवा भरलेल्या जागेवर.

बाणासकट सगळं जागच्या जागी थिजतं, गाणं चालू असेल तर एकच घर्रर्र आवाज येत राहतो: ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर), रॅम (चालू कामापुरती मेमरी) किंवा उष्णता.

पासवर्ड टाकल्यावर काळा पडदा आणि त्यावर एकटा बाण: बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर.

सकाळी छान चालतो, वीस मिनिटांनी पंखा ओरडायला लागतो आणि मग अडकतो: उष्णता.

फक्त व्हिडिओ लावला की, किंवा फक्त वायफाय जोडलं की अडकतो: त्या-त्या भागाचा ड्रायव्हर.

अडकलेला असताना एक फुकटची परीक्षा करा. कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतली यंत्रणा जिवंत आहे, फक्त कशाची तरी वाट बघत बसलीय. दिवा ढिम्म असेल तर ती मुळातूनच थिजली. फोनवर कोणी विचारलं की मी पहिला प्रश्न हाच करतो, कारण पुढचा अर्धा रस्ता त्या दिव्यावर ठरतो. तुमच्या कीबोर्डला तो दिवाच नसेल तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर लुकलुकला आणि लॅपटॉप परत हलला, तर दोष ग्राफिक्सकडे आहे हे जवळपास ठरलं.

एक रात्र थांबा

सगळ्यात स्वस्त इलाज. अपडेट संपलं असं पडद्यावर दिसतं, पण मागं काम चालूच असतं: फायलींची सूची नव्यानं बनते, अँटिव्हायरस सगळं परत तपासतो, उरलेले ड्रायव्हर उतरतात. ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपला हे उरकायला कित्येक तास लागतात. त्यात तुम्ही दर दहा मिनिटांनी वैतागून पॉवरचं बटण दाबून बंद केलंत, की ते काम पहिल्यापासून.

तेव्हा चार्जर लावा, झाकण उघडं ठेवा, स्लीप बंद करा आणि रात्रभर टेबलावर राहू द्या. टेबलावर म्हटलं, गादीवर नाही. गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालून श्वास घेऊ शकत नाही.

सकाळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यातला आकडा खाली आला असेल तर आजार संपला. काही न करता तो १०० टक्क्यांवरच चिकटलेला असेल तर पुढं चला.

इथं आपल्या भागातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक मेलेली असते. माणसं तिला विसरून चार्जर कायम लावून वापरतात, म्हणजे तो नावाचाच लॅपटॉप. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही. अपडेट चालू असताना लाईट गेली की फायली अर्ध्या नव्या, अर्ध्या जुन्या राहतात. विंडोज ते सावरायचा प्रयत्न करतं, पण दर वेळी जमतंच असं नाही. खानापूर तालुक्यातल्या एका गुरुजींचा लॅपटॉप एका पावसाळ्यात माझ्याकडं तीनदा आला. तिसऱ्या वेळी मी लॅपटॉपला हातच लावला नाही, आधी बॅटरी बदलायला सांगितली. ते चौथ्यांदा आले नाहीत. तुमची बॅटरी चार्जर काढल्यावर अर्धा तासही टिकत नसेल तर अपडेट इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर चालवा, नाहीतर लाईटचा भरवसा असेल त्या वेळी.

खरोखरचं बंद करा

शटडाउन केलं की लॅपटॉप पूर्ण बंद होतो हा गैरसमज आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा चालू असते. ती यंत्रणेची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. म्हणजे कालचा अडकलेला ड्रायव्हर आजही तसाच. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून शटडाउन करून उपयोग नाही, रीस्टार्ट करा.

त्यानं भागलं नाही तर बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. बोर्डावर अडकलेला उरलासुरला करंट निघून जातो. गंमत वाटेल, पण एवढ्यावर बरे होऊन गेलेले लॅपटॉप मी पाहिलेत. त्याचे पैसे घ्यायला मलाच लाज वाटते.

बरं वाटलं तर फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करून टाका. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवरची बटणं काय करतात ते ठरवण्याची जागा, तिथं टिक काढायची. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, चालेल.

लावलेलं सगळं काढा

पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, माऊसचा डोंगल, मेमरी कार्ड, सगळं. मग सुरू करून अर्धा तास वापरा. अडकला नाही तर एकेक परत लावत जा.

लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात घ्यावं. आपल्याकडं पत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लागते, त्यामुळं जुनी डीटीपी सॉफ्टवेअरं आणि त्यांची यूएसबी लॉकं (ती खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) अजून वापरात आहेत. त्या लॉकचा ड्रायव्हर कधीतरी विंडोज ७ च्या काळात टाकलेला असतो. नवं विंडोज त्याच्याशी जमवून घेत नाही आणि लॉक खोचलं की लॅपटॉप थिजतो. लॉक काढून चालत असेल तर लॅपटॉपला दोष देऊ नका, सॉफ्टवेअर देणाऱ्याकडं नवा ड्रायव्हर मागा.

जागा बघा

सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज. सी ड्राइव्हवर निदान २० जीबी मोकळी हवी. विंडोज रॅम कमी पडली की डिस्कचाच तुकडा रॅमसारखा वापरतं. तिथंच जागा नसेल तर ते उठ-बस करत राहतं, आणि त्यालाच आपण हँग म्हणतो.

मोठं अपडेट झालं असेल तर "विंडोज डॉट ओल्ड" नावाचं जुन्या विंडोजचं गाठोडं तिथं पडलेलं असतं. ते सहसा दहा दिवसांनी आपोआप जातं. टेम्पररी फाइल्समधून ते आधी काढता येतं, पण काढलं की जुन्या आवृत्तीवर परतायची वाट बंद. म्हणून ते सगळ्यात शेवटी काढा. आधी डाउनलोड्स रिकामं करा. तिथं एकाच आधार कार्डाची पीडीएफ चाळीस वेळा उतरवलेली सापडते, हे मी पैजेवर सांगतो.

३२ जीबीची ईएमएमसी असलेले स्वस्तातले छोटे लॅपटॉप तुमच्याकडं असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. त्यातली साठवण बोर्डाला डागलेली असते, बदलता येत नाही, आणि मोठ्या अपडेटला ती पुरत नाही. त्यावर पैसे घालू नका.

जागा बघताबघता टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागातही डोकवा. लॅपटॉप सुरू होताना उठणारी जी नावं तुम्हाला रोज लागत नाहीत ती डिसेबल करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढून टाका. दोघं एकमेकांच्या प्रत्येक फाइलवर झडप घालतात आणि अपडेटनंतर तर फारच.

इथं थांबून डेटा काढून घ्या

यापुढचं काही करण्याआधी कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. पोरांचे फोटो, टॅलीचा डेटा, जमिनीच्या उताऱ्यांचे स्कॅन, मार्ककार्डं. लॅपटॉप दहा मिनिटं चालून अडकत असेल तर दहा-दहा मिनिटांत थोडं थोडं काढा, सगळ्यात मोलाचं आधी.

दुसरी गोष्ट. सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" शोधून बघा. ते चालू असेल तर डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद आहे आणि उद्या बायोस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) बदललं किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर गेलं की लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती की लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं त्या खात्यात असते. आपल्याकडं तो लॅपटॉप सुरू करून दिलेला असतो पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्यानं, स्वतःच्या ईमेलवरून. त्याला आज फोन करा आणि ते अंक कागदावर लिहून घ्या. की नसेल तर मी, माझा गुरू किंवा आणखी कोणी, तो डेटा उघडू शकत नाही.

सेफ मोड: रस्ता इथं फुटतो

शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ आकडा. तिथंपर्यंतही पोचता येत नसेल तर सुरू होताना कंपनीचं चिन्ह दिसलं की पॉवर दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की तो पडदा आपोआप येतो.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उठतं. पडदा ओबडधोबड दिसेल, वायफाय नसेल, घाबरू नका. अर्धा तास फायली उघडा, मिटा, हलवा. सेफ मोडमध्ये चांगला चालला तर दोष सॉफ्टवेअरचा, बहुधा ड्रायव्हरचा. तिथंही थिजला तर दोष बहुधा लोखंडात, म्हणजे हार्डवेअरमध्ये आहे, आणि कितीही वेळा फॉरमॅट मारलं तरी तो जाणार नाही. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत हीच एक सोडू नये.

सेफ मोडमध्ये चालला तर

स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॅप्टर्स. तिथल्या नावाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या पानावर "रोल बॅक" असतं. अपडेटनं जुन्या ग्राफिक्सवर नवा ड्रायव्हर चढवला असेल तर हे बटण तो मागं घेतं. बटण फिकट असेल तर ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. त्यांनी केलेली घाण काढायला मला ड्रायव्हर टाकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मग अपडेटच काढून बघा. सेटिंग्जमधल्या अपडेट हिस्टरीत अनइन्स्टॉलची सोय आहे, आणि त्या निळ्या पडद्यावरूनही ते जमतं. तिथं दोन पर्याय दिसतात: क्वालिटी अपडेट म्हणजे दर महिन्याचं छोटं, फीचर अपडेट म्हणजे मोठं, आवृत्ती बदलणारं. आधी छोटं काढा. मोठं काढायला दहा दिवसांची मुदत असते. काढल्यावर अपडेट काही आठवडे पॉजवर ठेवा, नाहीतर रात्रीतून तेच परत येऊन बसेल. कायमचं बंद करा असं मी सांगणार नाही, बँकेचं काम त्याच लॅपटॉपवर करता ना?

विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेटं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या सुमारास पुष्कळांनी भीतीपोटी, अटींना बगल देऊन, जुन्या लॅपटॉपवर ११ चढवून घेतलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. तुमचा लॅपटॉप चौथ्या-पाचव्या पिढीचा असेल आणि त्यावर ११ असेल तर ते असंच चढवलेलं आहे. तिथं ड्रायव्हर जुळतीलच याची हमी कुणी दिलेली नाही. अशा लॅपटॉपवर विंडोज १० वर परतणं, किंवा फक्त नेट आणि टायपिंगपुरतं काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत यंत्रणा) टाकणं, मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

तरीही अडकतच असेल तर फायलींची दुरुस्ती. स्टार्टवर राइट क्लिक करून ॲडमिन लिहिलेलं टर्मिनल (विंडोज १० वर पॉवरशेल) उघडा. फोनवर सांगतो तसंच लिहितो, ऐकून इंग्रजीत टाइप करा. आधी: डी आय एस एम, जागा, स्लॅश ऑनलाइन, जागा, स्लॅश क्लीनअप हायफन इमेज, जागा, स्लॅश रिस्टोअरहेल्थ, हा शेवटचा एकच शब्द. याला नेट लागतं, आणि साठ टक्क्यांच्या पुढं ते बराच वेळ मेल्यासारखं पडून राहतं. हात लावू नका. ते संपलं की: एस एफ सी, जागा, स्लॅश स्कॅननाउ. पहिलं दुरुस्तीचं सामान नीट करून ठेवतं आणि दुसरं ते वापरून मोडक्या फायली बदलतं, म्हणून क्रम उलटा करू नका.

सेफ मोडमध्येही थिजला तर: डिस्क

क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते डिस्कनं स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचतं. "गुड" निळं असेल तर बरं. "कॉशन" पिवळं असेल तर डिस्कवरचे काही भाग वाचता येत नाहीयेत. अपडेटनं नेमकी एखादी महत्त्वाची फाइल त्या किडक्या भागावर लिहिली की विंडोज ती परत परत वाचायचा प्रयत्न करतं, आणि तेवढा वेळ तुम्ही बाणाकडं बघत बसता.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडायची हौस असेल तर सिस्टीमच्या नोंदीत "डिस्क" नावानं ७ किंवा १५३ क्रमांक शोधा. ७ म्हणजे खराब भाग सापडला, १५३ म्हणजे वाचन-लेखन परत करावं लागलं. ४१ क्रमांक बघून मात्र घाबरू नका. तो फक्त "नीट बंद न होता बंद पडला" एवढंच सांगतो, आणि तो तुम्हीच बटण दाबून आणलेला असतो.

पिवळं दिसलं तर चेक डिस्क चालवू नका, आधी डेटा. मरणाऱ्या डिस्कला सगळा पृष्ठभाग वाचायला लावणं म्हणजे दम्याच्या माणसाला येळ्ळूरचा राजहंसगड पळत चढायला लावण्यासारखं आहे.

निळं असलं तरी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (काहीच न फिरणारी, चिपांवर साठवणारी डिस्क) बसवा असंच मी सांगतो. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास विखुरलेली वाचनं करू शकते, एसएसडी तीच हजारोंनी करते. आजचं विंडोज हे गृहीत धरूनच चालतं. जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर हाच करा.

धूळ

लॅपटॉपचा पंखा उघडला की गिऱ्हाईकाचं गाव मी न विचारता सांगतो. वडगाव-खासबागच्या मागवाल्या घरातला असेल तर पंख्यापुढच्या जाळीवर सुताच्या तुसांचा थर बसलेला असतो. चिमट्यानं एक टोक धरून ओढला की घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघतो. निपाणीच्या तंबाखूवाल्याचा असेल तर झाकण काढताच शिंक येते आणि तपकिरी भुकटी खाली पडते. उद्यमबागच्या फाउंड्रीतला असेल तर काळी, जड धूळ, आणि तिची मला खरी भीती वाटते. तिच्यात लोखंडाचे कण असतात. ते बोर्डावर दोन टाकांच्या मध्ये बसले तर शॉर्ट होतो.

वारा अडला की प्रोसेसर शंभर अंशांजवळ जातो, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर लॅपटॉप थिजतो किंवा बंद पडतो. घरच्या घरी एवढं करा: बंद करून चार्जर काढा, बाहेरच्या जाळ्या मऊ ब्रशनं झाडा. खालचं झाकण काढता येत असेल तर पंखा टूथपिकनं अडवून धरा आणि हातपंपानं हवा मारा. न अडवता मारली तर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातली हवा नको, तिच्यात पाणी आणि तेल असतं. फाउंड्रीचा लॅपटॉप असेल तर स्वतः उघडू नका, हवेनं ते कण आणखी आत जातात. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही तुम्ही बदलू नका.

रॅम

विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधून चालवा. दोष सापडला नाही तरी, लॅपटॉप पश्चिमेकडच्या पावसात राहिला असेल तर रॅम काढून परत बसवून बघण्यासारखी असते. दमटपणानं तिच्या सोनेरी कडांवर पापुद्रा धरतो. पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, कण झाडा, टक आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालवा, दोषी पट्टी आपोआप कळते. हे करण्याआधी आतल्या बॅटरीची वायर सोडवता आली पाहिजे. ती कुठली हे ओळखता येत नसेल तर इथंच थांबा.

शेवटची परीक्षा: दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह बनवा आणि इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप चालवा. तासभर नीट चालला तर बोर्ड आणि रॅम बहुधा ठीक, संशय डिस्कवर किंवा विंडोजवर. शिवाय त्यातूनच डेटाही काढता येतो. तिथंही थिजला तर गोष्ट तुमच्या हातातली राहिली नाही.

हात काढून कुणाला तरी दाखवा, जेव्हा

टचपॅड वर उचलल्यासारखं वाटतंय, झाकण नीट मिटत नाही. बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबू नका, टोचू नका.

डिस्कमधून टक-टक आवाज येतोय आणि डेटा दुसरीकडं कुठंच नाही. बंद करा आणि बंदच ठेवा. प्रत्येक वेळी सुरू करताना थोडं थोडं कायमचं जातं. हे काम माझ्यासारख्या दुकानदाराचंही नाही, डेटा रिकव्हरीवाल्याचं आहे.

जळका वास आला, पाणी सांडलं होतं, किंवा सगळं करूनही लिनक्सवर थिजतोय. बोर्डाचं काम. आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपला बोर्ड बदलणं सहसा परवडत नाही, हे तोंडावर सांगणारा दुरुस्तीवाला शोधा.

दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य "डेटा पाहिजे" हे म्हणा, आणि डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्या, ती तुमची आहे. कुठल्या तपासण्या केल्या, कॅप्स लॉकचा दिवा लागतो की नाही, सेफ मोडमध्ये काय झालं, हे चिठ्ठीवर लिहून न्या. समोरच्याचा अर्धा दिवस वाचतो आणि त्या हिशेबानं पैसेही कमी लागतात.

आणि चार्जर न्या. काही लॅपटॉपना आपला चार्जर ओळखता आला नाही तर ते प्रोसेसर मुद्दाम मंद ठेवतात, तेही हँगसारखंच दिसतं, आणि चार्जर बघितल्याशिवाय ते कळत नाही. माझ्या भिंतीवर गोल पिनेचे, बारीक पिनेचे, चौकोनी तोंडाचे मिळून सतरा चार्जर टांगलेत. खानापूरहून एसटीनं आलेल्या माणसाच्या लॅपटॉपला लागणारा त्यात कधीच नसतो.